नौदल तळ आणि युद्ध : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौदलाच्या भांडार शाखेतली पंधरा वर्षांची नोकरी संपवून मी अमळनेरला परतलो, तेव्हापासून समुद्राविषयीचे प्रश्न माझ्याकडे येतच आहेत. भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, केळी निर्यात करणारे बागायतदार, निवृत्त शिक्षक, आणि कुठल्या तळावर हल्ला झाल्याची बातमी लागली की लगेच फोन करणारे नातेवाईक, असे विचारणारे अनेक आहेत. त्यांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न त्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आलेला असेल, तर तो पुन्हा न मांडता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सेवेत असताना जे गोपनीय होते ते आजही गोपनीयच आहे. येथील सर्व माहिती जाहीर आहे.

१. नौदल तळ म्हणजे नेमके काय? बंदर आणि तळ एकच नाही का?

बंदर मालासाठी असते, तळ जहाजासाठी असतो. भुसावळच्या फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाला गाडी येताना-जाताना दिसते. पण ती गाडी रोज धावते ती लोको शेड, दुरुस्तीच्या मार्गिका, सुट्या भागांची कोठारे आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या यांच्या जोरावर. फलाट म्हणजे बंदर आणि शेड म्हणजे तळ, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

युद्धनौका धक्क्याला लागली की पहिल्या तासाभरात किनाऱ्यावरून विजेच्या जाड केबली आणि पाण्याचे पाइप जहाजावर चढवले जातात, म्हणजे जहाजाचे स्वतःचे जनरेटर बंद करून त्यांना विश्रांती देता येते. त्यानंतर इंधन, शिधा, सुटे भाग आणि शेवटी दारूगोळा. इंधन किंवा दारूगोळा चढत असताना डोलकाठीवर लाल बावटा लागतो आणि तो खाली येईपर्यंत वेल्डिंग, बिडी-काडी सगळे बंद असते. याखेरीज तळावर दुरुस्तीच्या गोद्या, कार्यशाळा, रुग्णालय, संदेशवहन केंद्र, हवाई पट्टी, प्रशिक्षण शाळा आणि खलाशांची कुटुंबे राहतात ती वसाहतही असते. यांतले बरेच काही धक्क्यापासून दूर असल्याने चित्रवाणीवर दिसत नाही.

२. लोणावळ्यात समुद्र नाही. मग तिथल्या संस्थेला ‘आयएनएस शिवाजी’ असे जहाजाचे नाव कसे?

ही ब्रिटिश आरमाराची जुनी प्रथा आहे. आरमारी शिस्तीचा कायदा जहाजाच्या पटावर नाव असलेल्या माणसालाच लागू होत असे, म्हणून किनाऱ्यावरच्या आस्थापनांनाही कागदोपत्री जहाज मानून नावे दिली गेली. भारतीय नौदलाने ती पद्धत कायम ठेवली. लोणावळ्याच्या ‘शिवाजी’वर जहाजांच्या यंत्रांचे प्रशिक्षण मिळते, तमिळनाडूतील अरक्कोणम येथील ‘राजाली’ हा टेहळणी विमानांचा तळ आहे, आणि तिरुनेलवेलीजवळच्या ‘कट्टबोम्मन’वरून पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश पाठवले जातात. परीक्षेत ‘आयएनएस’ दिसले की जहाजच असेल असे धरून चालणारी मुले येथेच गुण घालवतात.

३. युद्धनौका महिनोन्‌महिने समुद्रावर राहू शकते असे वाचले. मग युद्धात तळाची एवढी गरज काय?

जहाज महिनोन्‌महिने समुद्रावर राहू शकते हे खरे, पण ते तितकेच महिने लढण्याच्या स्थितीत राहते असे नाही. समुद्रात तेलवाहू जहाजाकडून इंधन घेता येते. परंतु घासलेला पंख्याचा शाफ्ट, बिघडलेले रडार किंवा जहाजाच्या बुडाला चिकटलेले शिंपले यांवर समुद्रात पुरता उपाय होत नाही. शिध्याचे माझ्या अनुभवातले गणित सांगतो : पालेभाजी पहिल्या काही दिवसांत संपवावी लागते, नाहीतर ती सडते, पुढे दुधी आणि कोबी, त्यानंतर बटाटा, कांदा आणि डाळ. शेवटच्या आठवड्यात आमच्यासारख्या खान्देशी पोरांना शेवभाजीची स्वप्ने पडत असत.

तळ नसलेल्या आरमाराचे काय होते याचे सर्वांत करुण उदाहरण १९०४-०५ सालचे आहे. रशियाचा बाल्टिक ताफा जपानशी लढण्यासाठी निम्म्या पृथ्वीला वळसा घालून सुमारे १८,००० सागरी मैल गेला. वाटेत रशियाचा एकही तळ नव्हता आणि ब्रिटिश बंदरांत त्याला थारा नव्हता. जर्मन जहाजांकडून कोळसा घ्यायचा आणि पुढच्या वेळी मिळेल की नाही याची खात्री नाही म्हणून तो डेकवर, खोल्यांत, मिळेल तिथे गोण्यांत भरून ठेवायचा, असा तो प्रवास होता. ज्या पोर्ट आर्थर तळाकडे ते निघाले होते, तो २ जानेवारी १९०५ रोजी, ताफा वाटेतच असताना, जपानच्या हाती पडला. मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत दमलेली माणसे आणि शेवाळलेली, जड झालेली जहाजे ताज्या दमाच्या जपानी आरमारापुढे आली आणि दोन दिवसांत ताफा संपला.

याच्या उलट १९८२ मध्ये ब्रिटनला फॉकलंड बेटांपर्यंत सुमारे १३,००० किलोमीटर जाऊन लढता आले, कारण निम्म्या वाटेवर असेन्शन बेट त्यांच्या हाती होते.

४. तळावरची सर्वांत मोलाची गोष्ट कोणती? जहाजेच ना?

नाही, आणि ही चूक मोठमोठ्या सेनानींनीही केली आहे. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा तेथील आठही अमेरिकी बॅटलशिपना मार बसला. परंतु सुमारे ४५ लाख पिंपे तेल साठवलेल्या उघड्यावरच्या टाक्या, दुरुस्तीच्या कार्यशाळा आणि पाणबुड्यांचा तळ जवळजवळ जसेच्या तसे राहिले. परिणाम असा झाला की त्या आठपैकी सहा जहाजे पुढे दुरुस्त होऊन सेवेत परतली. पुढच्या मे महिन्यात कोरल समुद्रात जबर जखमी झालेले ‘यॉर्कटाउन’ हे विमानवाहू जहाज याच गोदीत आले. त्याला तीन महिने लागतील असा अंदाज होता. सुमारे १,४०० कामगारांनी रात्रंदिवस खपून ते तीन दिवसांत समुद्रावर धाडले आणि जूनमध्ये ते मिडवेच्या लढाईत उतरले. ‘यॉर्कटाउन’ त्या लढाईत गेले, पण जपानने तेथे चार विमानवाहू जहाजे गमावली.

माझ्या मते तळाचा जीव सुक्या गोदीत असतो, जिला सगळे ड्राय डॉकच म्हणतात. जहाज आत घ्यायचे, मागे पोलादी दार बसवायचे, पाणी उपसायचे आणि जहाज आधीच मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर अलगद बसवायचे. ठोकळे जहाजाच्या पोटाच्या नकाशाप्रमाणे इंच-इंच मोजून मांडावे लागतात. अशी मोठी गोदी बांधायला वर्षे लागतात आणि ती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणूनच २८ मार्च १९४२ रोजी ब्रिटिशांनी ‘कॅम्पबेलटाउन’ ही जुनी विनाशिका स्फोटकांनी भरून फ्रान्समधील सेंट नाझेरच्या गोदीच्या दारावर नेऊन आदळली. जर्मनीच्या ‘टिर्पिट्झ’ या प्रचंड बॅटलशिपला सामावून घेणारी अटलांटिक किनाऱ्यावरची ती एकमेव गोदी होती. काही तासांनी स्फोट झाला आणि ती गोदी युद्ध संपेपर्यंत वापरात आली नाही. ‘टिर्पिट्झ’ला कोणी हातही लावला नाही, तरी अटलांटिकमध्ये उतरण्याची तिची वाट बंद झाली.

५. खान्देशात समुद्रच नाही. तळ सुरक्षित राहिला काय अन् पडला काय, आपल्याला काय फरक पडतो?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा, आणि बहुधा चहाच्या टपरीवर, विचारला जातो. भारताचा वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो. रावेर-यावलची केळी रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये भरून न्हावाशेव्याला जाते आणि तेथून आखाती देशांत. केळी थांबत नाही. कंटेनर आठ दिवस धक्क्यावर अडकला तर त्या आठ दिवसांत माल पिकतो आणि भाव पडतो. समुद्रात युद्ध पेटले की सर्वप्रथम विम्याचा हप्ता वाढतो, मग जहाज कंपन्या मार्ग बदलतात, मग रिकामे कंटेनर मिळेनासे होतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, हे निर्यातदारांना चांगले आठवत असेल. अशा वेळी व्यापारी जहाजांच्या सोबतीला भारतीय युद्धनौका जातात. ओमानच्या आखातात २०१९ पासून ‘ऑपरेशन संकल्प’ याच कामासाठी सुरू झाले. त्या युद्धनौका तळावरूनच निघतात आणि तळावरच परततात.

इंधनाचेही तसेच. आपल्या पंपांवर येणारे डिझेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकरने येते, तेथे ते मुंबईहून पाइपलाइनने येते, आणि मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या तेलाचा मोठा हिस्सा जहाजाने.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. तळ समुद्रकाठी असला तरी त्याची मुळे देशाच्या पोटात खोलवर पसरलेली असतात : आयुध निर्माण्या, पोलाद कारखाने, रेल्वेचे जंक्शन. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बंदुकांच्या गोळ्या तयार होतात आणि नागपूर व इटारसीकडून येणाऱ्या रेल्वेमार्गांना मुंबईच्या वाटेवर जोडणारे भुसावळ आहे. रूळ उखडला तर धक्का कोरडा पडतो.

६. तळाची जागा कशी निवडतात? मुंबई असताना कारवारला एवढा खर्च का केला?

चार गोष्टी पाहतात : धक्क्याशी पाण्याची खोली, वाऱ्या-लाटांपासून आडोसा, खुल्या समुद्रात लवकर बाहेर पडता येणे, आणि शत्रूच्या विमानांपासूनचे अंतर. या चारही गोष्टी एकत्र मिळणे दुर्मीळ असते.

मराठ्यांच्या आरमाराला ही नजर होती. विजयदुर्गाला तिन्ही बाजूंनी पाणी आहे आणि मागे वाघोटनची खाडी आहे. या खाडीत जहाजे आडोशाला राहत. जवळच गिर्ये येथे आंग्र्यांच्या गोदीचे अवशेष आहेत : भरतीला जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला ते कोरडे पडले की डागडुजी करायची. पंपाचे काम चंद्राकडून करून घेण्याची ही युक्ती मला आजही मोठी वाटते.

मुंबईची नौदल गोदी जुनी आहे. सुरतेचे जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३० च्या दशकात मुंबईला आले आणि तिचा पाया पडला. पण तेथे व्यापारी जहाजांची गर्दी आहे, शहर गोदीच्या भिंतीला येऊन टेकले आहे आणि वाढायला जागा नाही. १९७१ नंतर पश्चिम किनाऱ्यावर दुसरा मोठा तळ हवा हे स्पष्ट झाले. कारवारला डोंगरांचा आडोसा, खोल पाणी आणि पाकिस्तानपासून अधिक अंतर असे तिन्ही मिळाले. १९८६ मध्ये पायाभरणी झाली आणि ३१ मे २००५ रोजी ‘आयएनएस कदंब’ सेवेत आला. तेथील शिपलिफ्ट सुमारे १०,००० टनांपर्यंतचे जहाज उचलून जमिनीवर आणते, म्हणजे एकाच वेळी अनेक जहाजे कोरड्यावर ठेवून दुरुस्त करता येतात. या तळासाठी कारवार-अंकोला भागातील अनेक गावांना जमीन व घरे सोडावी लागली, हेही येथे नोंदवले पाहिजे. धरणाखाली गावे गेलेल्या आपल्या भागाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

७. १९७१ मध्ये आपण कराचीवरच हल्ला का केला?

कारण त्या वेळी पाकिस्तानचे मोठे बंदर, नौदलाचे मुख्यालय, दुरुस्तीची गोदी आणि तेलाचा साठा हे सगळे एकाच ठिकाणी, कराचीत होते. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली होती, आणि ती टोपली मुंबईपासून सुमारे ९०० किलोमीटरवर होती.

अडचण अशी की आपल्याकडच्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र बोटी वेगवान पण लहान होत्या. त्यांचा मूळ उद्देश स्वतःच्या किनाऱ्याचे रक्षण करणे हा होता. मुंबईहून कराचीला जाऊन परतण्याइतके इंधन त्यांच्यात मावत नव्हते. त्यावर दोन उपाय केले गेले. बोटी काही अंतर मोठ्या जहाजांमागे दोर बांधून ओढत न्यायच्या, आणि सौराष्ट्राच्या टोकावर ओखा येथे इंधनाची सोय करायची. ओखा हा मोठा तळ नव्हता, पण पुढच्या चौकीचे काम त्याने चोख केले. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन बोटींनी ‘किलतान’ व ‘कच्छल’ या मोठ्या युद्धनौकांच्या सोबतीने हल्ला करून ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ हे सुरुंगशोधक जहाज बुडवले. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ या बोटीने कराचीतल्या केमाडीच्या तेलटाक्या पेटवल्या आणि ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. ४ डिसेंबर हा नौदल दिन त्या पहिल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ पाळला जातो.

या कथेचा कमी सांगितला जाणारा भाग पुढे आहे. पाकिस्तानी हवाई दलाने ओख्यावर बाँब टाकले आणि तेथील इंधनाची सोय उद्ध्वस्त केली. हे होणार हे ओळखून बोटी आधीच दुसरीकडे हलवलेल्या होत्या, त्यामुळे त्या वाचल्या. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या तेलावर नेम धरला होता. आणि विजयाच्या त्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तळ पेटवला तरी आधीच समुद्रात उतरलेली पाणबुडी थांबत नाही.

कराचीचा धडा पाकिस्तानने घेतला. पश्चिमेला ओरमारा येथे २००० साली त्यांनी दुसरा तळ सुरू केला.

८. विशाखापट्टणमला ‘गाझी’ कशी फसली? त्यात तळाचा काय संबंध?

तळ नुसत्या अफवेनेही लढू शकतो, हे येथे दिसते. ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू जहाजाला शोधून बुडवण्यासाठी पाकिस्तानने ‘गाझी’ ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात पाठवली होती. ‘विक्रांत’ तोपर्यंत अंदमानातील एका आडोशाच्या खाडीत नेऊन ठेवली होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमलाच आहे असे भासवले : ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडून खोटे बिनतारी संदेश पाठवले आणि विमानवाहू जहाजाला पुरेल एवढा शिधा व भाजीपाला ठेकेदारांकडे मागवला. मी भांडारातला माणूस असल्याने हा तपशील मला फार आवडतो. बाजारात वांग्या-टोमॅटोची मोठी ऑर्डर गेली की अख्ख्या गावाला जहाज आल्याचे कळते. ३-४ डिसेंबरच्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. ती भारतीय हल्ल्याने बुडाली की आतल्या स्फोटाने, यावर दोन्ही देशांची मते आजही वेगळी आहेत. परीक्षेत विचारले तर ‘कारण वादग्रस्त’ असेच लिहावे.

९. तळावर नांगरलेली जहाजे तरी सुरक्षित असतात ना?

नांगरलेले जहाज हे सर्वांत सोपे लक्ष्य असते, कारण ते कुठे आहे हे शत्रूला माहीत असते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात विजयदुर्गाखाली दाटीने उभ्या असलेल्या तुळाजी आंग्रे यांच्या जहाजांपैकी एकाने पेट घेतला आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात सारे आरमार जळाले. इंग्रजांना बोलावण्यात पेशव्यांचाच हात होता, हे दुखणे वेगळे.

१४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे जर्मन पाणबुडीने स्कॅपा फ्लो या ब्रिटिश तळात अडथळ्यांमधल्या फटीतून शिरून ‘रॉयल ओक’ बुडवली. आठशेहून अधिक माणसे गेली. नोव्हेंबर १९४० मध्ये तारांतो येथे ब्रिटिशांच्या २१ जुनाट दुपंखी विमानांनी इटलीच्या तीन बॅटलशिप निकामी केल्या. त्यामुळे युद्धाची चाहूल लागली की जहाजे तळ सोडून पांगतात. बातमीत ‘ताफा बंदराबाहेर पडला’ असे आले की अनेक जण हल्ला होणार असे समजतात. पुष्कळदा तो फक्त बचाव असतो.

१०. समुद्राकडून एवढा भक्कम असलेला सिंगापूरचा तळ कसा पडला?

जमिनीकडून. ब्रिटनने १९३८ मध्ये प्रचंड खर्चाने तो तळ सुरू केला, पण त्यात कायम राहणारा ताफा ठेवला नाही; गरज पडल्यावर युरोपातून जहाजे पाठवू असा हिशेब होता. गरज पडली तेव्हा दोनच मोठी जहाजे आली आणि १० डिसेंबर १९४१ रोजी विमानांचे छत्र नसताना दोन्ही बुडाली. जपानी फौज मलायातून चालत, सायकली मारत दक्षिणेला उतरली आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर शरण आले. हजारो भारतीय सैनिक तेथे युद्धकैदी झाले आणि आझाद हिंद सेनेची सुरुवात त्यांच्यातूनच झाली.

‘तोफांची तोंडे समुद्राकडे होती, त्या वळतच नव्हत्या’ असे सर्रास सांगतात, ते अर्धसत्य आहे. बऱ्याच तोफा वळत होत्या. त्यांच्याजवळचे गोळे मात्र बहुतांशी जहाजांचे चिलखत भेदणारे होते, पायदळावर त्यांचा फारसा उपयोग नव्हता. भांडारातली चूक रणांगणावर कशी महाग पडते ते यात दिसते.

११. एखादा तळ राखण्यातच जास्त जहाजे जात असतील, तर तो सोडून का देत नाहीत?

कधी कधी सोडतातही. पण भूमध्य समुद्रातील माल्टा या ब्रिटिश तळाचा हिशेब पाहा. ऑगस्ट १९४२ मध्ये त्या वेढलेल्या बेटाला अन्न व तेल पोहोचवायला १४ व्यापारी जहाजे निघाली, पाच पोहोचली. शेवटी ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज, जवळजवळ बुडालेल्या अवस्थेत, दोन युद्धनौकांच्या मध्ये बांधून बंदरात आणले. नुसते हे आकडे पाहिले तर तो वेडेपणा वाटेल. परंतु माल्टा इटली आणि लिबिया यांच्या मध्ये आहे आणि तेथून निघणारी विमाने व पाणबुड्या उत्तर आफ्रिकेतील जर्मन सेनानी रोमेलच्या फौजेचे इंधन समुद्रातच बुडवत होत्या. तळाची किंमत त्यामुळे शत्रूला काय करता येत नाही यावरून ठरते.

१२. युद्धात सापडलेले जहाज तटस्थ देशाच्या बंदरात गेले तर?

१९०७ च्या हेग करारानुसार, त्या देशाचा वेगळा नियम नसेल तर, त्याला सर्वसाधारणपणे २४ तास थांबता येते. समुद्रावर तग धरण्यापुरती दुरुस्ती करता येते, शस्त्रबळ वाढवता येत नाही. डिसेंबर १९३९ मध्ये जर्मनीचे ‘ग्राफ श्पे’ जखमी होऊन माँटेव्हिडिओत शिरले. उरुग्वेने ७२ तास दिले. तेवढ्यात दुरुस्ती होणार नव्हती आणि बाहेर ब्रिटिश जहाजे उभी होती. १७ डिसेंबरला कॅप्टनने ते स्वतःच बुडवले.

तटस्थ देशाचाच आणखी एक गमतीचा नियम आहे. १९३६ च्या माँत्रो करारानुसार तुर्कस्तान युद्धकाळात आपल्या सामुद्रधुन्या लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना बंद करू शकतो, पण काळ्या समुद्रातील आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या जहाजाला वाट द्यावी लागते. २०२२ मध्ये हा नियम पुन्हा चर्चेत आला. जहाजाचा नोंदलेला तळ कोणता, ही कागदावरची नोंद अशा वेळी निर्णायक ठरते.

१३. जिबूती, हंबनटोटा, अगालेगा, दुक्म : हे सगळे ‘तळ’ आहेत का?

सरसकट नाही. आफ्रिकेतील जिबूतीत चीनचा २०१७ पासून उघड लष्करी तळ आहे; अमेरिका, फ्रान्स आणि जपान यांचेही तेथे आहेत. श्रीलंकेतील हंबनटोटा हे चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले व्यापारी बंदर आहे. चिंता आहे ती त्याच्या संभाव्य वापराची. ओमानमधील दुक्म येथे भारतीय जहाजांना इंधन व दुरुस्तीची सोय मिळते. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने धावपट्टी आणि धक्का बांधून दिला, त्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. तो तळ असल्याचे मॉरिशस नाकारतो. सोय मिळणे आणि मालकी असणे यांतला फरक शांततेत जाणवत नाही. युद्धात यजमान देश ‘नको’ म्हणाला की लगेच जाणवतो. म्हणूनच स्वतःच्या भूमीवरचे ग्रेट निकोबारचे ‘आयएनएस बाझ’ आणि मिनिकॉयचे ‘आयएनएस जटायू’ लहान असूनही मोलाचे आहेत.

१४. विमानवाहू जहाज म्हणजे तरंगता तळच की! मग जमिनीवरचा कशाला?

ती तरंगती धावपट्टी आहे. तिला स्वतःलाच गोदी लागते, आणि तिच्यासारखी मोठी गोदी सर्वांत कमी ठिकाणी असते. बाकी उत्तर प्रश्न ३ आणि ४ मध्ये आले आहे.

१५. ड्रोन आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या काळात तळ कालबाह्य झाले आहेत का?

रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याचा तळ असलेल्या सेवास्तोपोलकडे पाहून असे वाटणे साहजिक आहे. १३ सप्टेंबर २०२३ रोजी युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी तेथील सुक्या गोदीत उभे असलेले एक मोठे जहाज आणि एक पाणबुडी यांचे जबर नुकसान केले; नऊ दिवसांनी ताफ्याच्या मुख्यालयावरच क्षेपणास्त्र पडले. त्यानंतर रशियाने बरीच जहाजे पूर्वेला नोव्होरोसिस्कला हलवली. स्वतःजवळ नाव घेण्यासारखे आरमार नसलेल्या देशाने शत्रूच्या आरमाराला त्याच्या घरातून उठवले, ही घटना खरोखर नवी आहे.

मात्र जहाजे कुठे गेली, हेही पाहावे : दुसऱ्या तळावर. तळाची गरज संपली नाही; एकाच मोठ्या तळावर विसंबण्याचे दिवस मात्र संपत आले आहेत. जुन्या तळांची पुनर्रचना आता पांगापांग, डोंगराच्या पोटातली कोठारे आणि हवाई संरक्षण यांच्या आधारे होत आहे. कराचीनंतर पाकिस्तानने जे केले (प्रश्न ७), तेच थोड्या मोठ्या प्रमाणावर सगळे करत आहेत.

१६. तळामुळे शेजारच्या शहराला धोका वाढत नाही का? माझा मुलगा मुंबईत राहतो.

वाढतो, आणि तो फक्त शत्रूकडून नसतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजावर कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. कापूस आतल्या आत कसा धुमसतो आणि वरून पाणी मारले तरी कसा विझत नाही, हे आपल्याकडच्या जिनिंगवाल्याला विचारा. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा झाला. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे जवानही होते. दरवर्षी १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे. आज नौदलाचा दारूगोळा शहराच्या गोदीपासून दूर, करंजासारख्या ठिकाणी साठवला जातो. मुलाला नोकरी सोडून गावी बोलावण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

१७. मुलांना तळ दाखवायला नेता येईल का? फोटो काढले तर चालतील का?

नौदल दिनाच्या आसपास मुंबईत ठरावीक दिवशी काही जहाजे शाळकरी मुलांना किंवा नागरिकांना पाहायला खुली असतात. शाळेने पत्र पाठवून आधी परवानगी घ्यावी. इतर वेळी तळ हा शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली प्रतिबंधित जागा असतो आणि तेथील छायाचित्र काढून पुढे पाठवणे हा गुन्हा ठरू शकतो. गेल्या वेळी तालुक्यातल्या एका शाळेची मुले घेऊन मी गेलो, तेव्हा फाटकावर सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत जमा करून पावती दिली गेली. एका शिक्षकांनी पावती हरवली. चाळीस मुले बसमध्ये बसून राहिली आणि ओळख पटवून फोन हाती येईपर्यंत दीड तास गेला. पावती पाकिटात ठेवावी.